विसरणारा संगणक



गेल्या पावसाळ्यात बदलापूरहून एक ओळखीचं कुटुंब आमच्याकडे अंबरनाथला आलं. आई-वडील आणि नुकतीच बारावी झालेली मुलगी. चहा होईपर्यंत कुणीच फारसं बोललं नाही. मग वडिलांनी खिशातून मुलीचा मोबाइल काढून आमच्यापुढे ठेवला. "भाईजान, हा आता तिला परत द्यायचा नाही असं घरात ठरलंय. कॉलेजचंही बघू. पण म्हटलं, एकदा तुमच्या कानावर घालावं."

प्रकार असा होता. शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला मुलगी आईबरोबर उल्हासनगरातल्या एका झेरॉक्सच्या दुकानात गेली होती. तिथे 'सगळे कागद या नंबरवर व्हॉट्सअ‍ॅप करा' असं सांगितलं गेलं. तिने आधार, रेशन कार्ड, उत्पन्नाचा दाखला, मार्कशीट, पासबुकाचं पहिलं पान आणि फोटो असं सगळं पाठवलं. आठवड्याभरात अनोळखी नंबरांवरून फोन सुरू झाले. मग एके रात्री एका नंबरवरून तिचाच फोटो तिला आला, खाली घाणेरडा मजकूर. फोटो तोच, अर्जाला जोडलेला, निळ्या पडद्यासमोरचा. तो तिने दुसरीकडे कुठेही दिला नव्हता. दुकानदार म्हणाला, "दिवसभरात शंभर माणसं येतात, संगणकावर पोरं बसतात. कुणी काढला, मला काय माहीत?"

तो खरं बोलत असेल, नसेल. पण आमचा प्रश्न वेगळा होता, आणि तो आम्ही वडिलांना सरळ विचारला : यात मुलीने काय केलं? तिने अर्ज भरला. तुम्हीच भरायला पाठवलंत. मग शिक्षा तिला का?

आधी त्या दिवशी जे केलं ते सांगतो, कारण वाचकांपैकी कुणाच्या घरी ही वेळ आली तर उपयोगी पडेल. मेसेज पुसू नयेत. नंबर आणि तारीख दिसेल असे स्क्रीनशॉट काढून ठेवावेत. केंद्र सरकारच्या सायबर गुन्ह्यांच्या पोर्टलवर महिला आणि मुलांच्या तक्रारींसाठी वेगळा भाग आहे. १९३० हा क्रमांक मुख्यतः पैशाच्या फसवणुकीसाठी असला तरी तो पाठ असावा. पोलीस ठाण्यात जायचं तर उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर हा सगळा पट्टा ठाणे पोलीस आयुक्तालयात येतो. मुलीने नको म्हटल्यावरही फोन, मेसेज करत राहणं, तिच्यावर पाळत ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ प्रमाणे गुन्हा आहे. बापाने मुलीबरोबर जाऊन तक्रार दिली. मोबाइल तिच्याकडेच राहिला. कॉलेजही.

काही घरांत हा प्रसंग वाचून आई-बापांना २०२२ च्या जानेवारीची आठवण होईल. त्या वर्षाच्या पहिल्याच दिवशी 'बुल्ली बाई' नावाच्या अ‍ॅपवर शंभराहून अधिक मुस्लिम स्त्रियांचे फोटो 'लिलावाला' लावले गेले होते. पत्रकार होत्या, वकील होत्या, सामाजिक कार्यकर्त्या होत्या. त्याआधी जुलै २०२१ मध्ये 'सुल्ली डील्स' या नावाने तोच प्रकार झाला होता. तेव्हाही कित्येक घरांत पहिली प्रतिक्रिया हीच उमटली की मुलींचे फोटो काढून टाका, खाती बंद करा. मुंबई पोलिसांच्या सायबर शाखेने जे पकडले ते विशीच्या आसपासची मुलं होती. ती बंगळुरूपासून उत्तराखंडपर्यंत पसरलेली होती. फोटो टाकणाऱ्या मुलींनी काही चूक केली होती असं आम्हाला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही.

पण मुलीची चूक नाही म्हणून प्रश्न संपत नाही. पुढच्या आठवड्यात आम्ही स्वतः तशाच एका दुकानात गेलो आणि अर्ज भरून होईपर्यंत पडद्याकडे बघत बसलो. डेस्कटॉपवर लोकांची आधार कार्डं पत्त्यांसारखी पसरलेली. डाउनलोडच्या फोल्डरमध्ये 'लाडकी बहीण'च्या वेळचे, म्हणजे २०२४ च्या पावसाळ्यातले अर्ज अजून तसेच. कुणा बिचाऱ्याचं व्हॉट्सअ‍ॅप वेब उघडंच राहिलेलं, त्यावर घरचे मेसेज येतायत. दुकानदार काही वाईट माणूस नव्हता. त्याने एका म्हाताऱ्या बाईकडून पैसेही घेतले नाहीत. त्याच्या संगणकाला फक्त विसरता येत नव्हतं.

आपल्या लोकांचं कागदांशी काय नातं आहे ते वेगळं सांगायला नको. २६ जुलै २००५ ला उल्हास नदीचं पाणी बदलापुरात शिरलं, तेव्हा कित्येकांनी भांड्यांच्या आधी कागदांची पेटी माळ्यावर टाकली. २०१९-२० मध्ये नागरिकत्वाची चर्चा सुरू झाली आणि घराघरांत आजोबांच्या शाळेचे दाखले शोधले गेले. नावातलं 'शेख' आधी की नंतर, 'मोहम्मद' पूर्ण की 'मो.', हे दुरुस्त करायला रांगा लागल्या. उल्हासनगरच्या सिंधी शेजाऱ्यांना हे सांगावं लागत नाही. त्यांचं गावच फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत आणून ठेवलेल्या निर्वासितांमधून उभं राहिलं. कागद गेला तर माणूस जातो, हे त्यांनाही माहीत आहे. तर कागद आपण जपायचा, यात वाद नाही. तो आपल्या पेटीत राहावा आणि दुकानाच्या संगणकातून जावा, इतकंच हवं आहे. घडतं नेमकं उलट.

हे सगळं आम्ही आपाच्या घरी बोलत होतो, तेव्हा आमचा भाचा मध्येच म्हणाला, "मामू, विसरणारा संगणक असतो की. माझ्या खिशात आहे." आणि त्याने एक पेन ड्राइव्ह काढला.

त्याचं नाव 'टेल्स'. 'द अम्नेसिक इनकॉग्निटो लाइव्ह सिस्टिम' या लांबलचक नावातली आद्याक्षरं. 'अम्नेसिक' या शब्दाचा अर्थच स्मृती गेलेला. विंडोज ही जशी संगणक चालवणारी प्रणाली, तशीच ही एक. फरक असा की ती संगणकात बसवायची नाही. पेन ड्राइव्ह लावायचा, संगणक त्याच्यावरून सुरू करायचा, काम करायचं, बंद करायचा. आतल्या विंडोजला कळतही नाही की कुणी येऊन गेलं.

संगणकाला दोन प्रकारची आठवण असते. एक मक्तबातल्या तख्तीसारखी. सबक लिहिला, वाचला, धुतली की कोरी. तिला रॅम म्हणतात. दुसरी दुकानदाराच्या खातेवहीसारखी, वर्षानुवर्षं राहणारी. ती हार्ड डिस्क. आपण फाइल 'डिलीट' करतो तेव्हा बहुतेक वेळा वहीच्या अनुक्रमणिकेतलं नाव खोडलं जातं, पान तसंच राहतं. म्हणून तर जाणकार माणूस पुसलेले फोटो परत काढून देतो. टेल्स वहीला हातच लावत नाही. सगळं काम तख्तीवर करते आणि बंद होताना तख्तीही धुऊन टाकते. काम चालू असताना पेन ड्राइव्ह उपसला तरी तेच होतं. काही जपून ठेवायचंच असेल तर त्याच पेन ड्राइव्हवर सांकेतिक शब्दाने बंद होणारा एक कप्पा करता येतो. तो शब्द विसरलात तर मात्र कप्पा कायमचा गेला.

तिची मुळं डेबियन नावाच्या लिनक्समध्ये आहेत. इयन मरडॉक नावाच्या विद्यार्थ्याने १९९३ मध्ये ते काम सुरू केलं आणि डेब्रा या आपल्या मैत्रिणीचं नाव स्वतःच्या नावाला जोडून नाव ठेवलं. तेव्हापासून जगभरचे स्वयंसेवक ते चालवतात. टेल्सची पहिली आवृत्ती २००९ ची. दोन्ही फुकट, आणि आतला मजकूर कुणालाही उघडून तपासता येतो. टेल्समधून इंटरनेटवर जाणारी प्रत्येक गोष्ट 'टॉर' नावाच्या जाळ्यातून जाते. पाकिटात पाकीट, त्यात आणखी पाकीट, अशी चिठ्ठी तीन माणसांच्या हातून पाठवावी आणि प्रत्येकाने फक्त आपलं पाकीट उघडावं, तसं. पाठवणारा कोण आणि ती पोचली कुठे, हे दोन्ही एकाच माणसाला कळत नाही. याची कल्पना मुळात अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेतली, ही त्यातली गंमत. टेल्स आणि टॉर या दोन्ही संस्था सप्टेंबर २०२४ मध्ये एक झाल्या.

अमेरिकेच्या पाळत यंत्रणेचे कागद २०१३ मध्ये बाहेर आणणारा एडवर्ड स्नोडेन आणि त्याच्याशी बोलणारे पत्रकार हेच वापरत होते. तेव्हापासून तिचं नाव झालं.

हे ऐकून आपा स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिच्या हातात लाटणं होतं, त्यामुळे भाचा जरा मागे सरकला. "हे लपवाछपवीचं खिशात घेऊन फिरतोस? तुझं नाव काय आहे ते लक्षात आहे ना? उद्या गाडीत पिशवी तपासली तर काय सांगशील?"

आपाच्या या प्रश्नाला हसून उडवणं आम्हाला जमलं नाही. आपल्या मुलांच्या बाबतीत संशय लवकर येतो, हे खोटं नाही. कायद्याचं म्हणाल तर टेल्स किंवा टॉर वापरणं हा भारतात गुन्हा नाही. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं एकमताने सांगितलं आहे. पण कायदा एका बाजूला आणि रात्री अकराला कल्याण स्टेशनवर उभं असलेलं पोर दुसऱ्या बाजूला. म्हणून आमचं मत असं, आणि भाच्यालाही आम्ही तेच सांगितलं : ज्याची ज्या कामाला गरज आहे त्याने ते घरी, उघडपणे, आई-बापांना माहीत असताना वापरावं. मित्रांना दाखवायला खिशात घेऊन मिरवू नये.

आपाचा दुसरा प्रश्न जास्त टोकदार होता. "मग ज्याने त्या मुलीचा फोटो पाठवला तोही हेच वापरेल की."

वापरू शकतो. वापरलेलंही आहे. कॅलिफोर्नियातल्या बस्टर हर्नांडेझ नावाच्या माणसाने वर्षानुवर्षं टेल्सच्या आड बसून फेसबुकवरून कोवळ्या मुलींना धमकावलं, त्यांच्याकडून फोटो उकळले. शेवटी फेसबुकनेच पैसे मोजून टेल्समधल्या व्हिडिओ दाखवणाऱ्या भागातली एक फट शोधून घेतली आणि ती तपास यंत्रणेच्या हाती पडली. एका मुलीच्या नावाने त्याला एक व्हिडिओ पाठवला गेला. त्याने तो उघडला आणि त्याचा खरा पत्ता उघडा पडला. २०१७ मध्ये पकडला गेला, पुढे ७५ वर्षांची शिक्षा झाली. तेव्हा टेल्स म्हणजे जादूची टोपी आहे असं कुणी समजू नये. कुलूप चोरही वापरतो म्हणून आपण दाराला कुलूप लावायचं सोडत नाही, हे आम्ही आपाला म्हणालो. तिला ते फारसं पटलेलं दिसलं नाही.

दीनच्या बाजूने पाहिलं तर मात्र तिला पटलं. सूरह हुजुरातमध्ये संशय, टेहळणी आणि पाठीमागची निंदा या तिन्हींना एकाच आयतीत मनाई आहे. आणि हजरत उमर (रजि.) यांच्याबद्दल ती रिवायत सांगितली जाते ना, रात्रीच्या गस्तीवर असताना एका घरातून आवाज आला म्हणून ते भिंत चढून आत गेले, समोर माणूस दारू पीत होता. तो म्हणाला, मी एक गुन्हा केला, तुम्ही तीन केलेत : टेहळणी केलीत, दार सोडून भिंतीवरून आलात, परवानगी न घेता आलात. खलिफा आल्या पावली परत गेले. म्हणजे घराचं दार बंद ठेवण्याचा हक्क गुन्हेगारालाही होता. मग ज्या मुलीने काहीच केलं नाही तिचा फोटो दुकानातल्या कुठल्याही पोराला दिसावा, हे कसं चालेल?

आणि आपल्याच राज्यातलं एक प्रकरण या संदर्भात माहीत असायला हवं. भीमा कोरेगाव प्रकरणात पुणे पोलिसांनी २०१८ मध्ये रोना विल्सन यांचा लॅपटॉप जप्त केला. त्यातली पत्रं हा आरोपांचा मोठा आधार होता. बचाव पक्षाने त्या लॅपटॉपची प्रत अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंग या कंपनीकडे दिली. फेब्रुवारी २०२१ मध्ये बाहेर आलेल्या तिच्या अहवालाचं म्हणणं असं, की एका ई-मेलमधून आलेल्या घातक सॉफ्टवेअरच्या मदतीने कुणीतरी बावीस महिने त्या लॅपटॉपमध्ये शिरून होतं आणि ती पत्रं बाहेरून आत ठेवली गेली. तपास यंत्रणेने हा अहवाल मानलेला नाही. निवाडा न्यायालयच करील. आम्ही इथे एवढंच लक्षात घेतलं की खातेवहीत आपण न लिहिलेलंही लिहिलं जाऊ शकतं. दर वेळी कोऱ्या तख्तीवर सुरू होणाऱ्या संगणकात असा बिनबोलावलेला पाहुणा शिरला तरी बटण बंद होईपर्यंतच राहतो.

आता प्रत्यक्ष अनुभव. उल्हासनगरातून स्वस्तात घेतलेला एक जुना लॅपटॉप आमच्याकडे होता. टेल्सच्या नव्या आवृत्तीला किमान ३ जीबी रॅम लागते, ती त्यात कशीबशी होती. पेन ड्राइव्ह लावून सुरू करताना एफ-१२ दाबावं लागलं. काही कंपन्यांच्या यंत्रांत एफ-९ किंवा एस्केप असतं. उघडल्यावर सगळं ओळखीचंच : ब्राउझर, लिहायचं साधन, फाइलींचा कप्पा. पण चाल संथ. चिठ्ठी तीन हातांतून फिरून येणार म्हटल्यावर वेळ लागणारच. आणि एका बँकेच्या संकेतस्थळाने तर आम्हाला दारातच अडवलं. टॉरमधून आलेल्या पाहुण्याला अनेक बँका आणि सरकारी संकेतस्थळं संशयाने बघतात.

मग त्या बदलापूरच्या मुलीला याचा उपयोग काय? खरं सांगायचं तर टेल्सचा फारसा नाही. अर्जात तिने स्वतःचं नाव, आधार क्रमांक, पत्ता सगळं स्वतःच दिलेलं असतं. तिथे ओळख लपवण्यात अर्थ नाही. मोबाइलवर टेल्स चालत नाही. दुकानदार आपला संगणक आपल्या पेन ड्राइव्हवरून सुरू करू देईल याची आशा नको, आणि दिलं तरी तिथल्या कीबोर्डच्या वायरीत कुणी काही अडकवलं असेल तर टेल्सही काही करू शकत नाही. ज्या पत्रकाराला माहिती देणाऱ्याचं नाव जपायचं आहे, किंवा ज्या बाईचा नवरा रोज तिचा संगणक तपासतो आणि तिला गुपचूप मदत शोधायची आहे, तिच्यासाठी टेल्स आहे. अशी बाई आपल्या मोहल्ल्यात नाही असं म्हणण्याचं धाडस आम्ही करणार नाही.

मुलीसाठी भाच्याने दुसरा पेन ड्राइव्ह केला. त्यात साधं लिनक्स मिंट, तेही पेन ड्राइव्हवरूनच चालणारं. यात टॉर नाही, त्यामुळे अर्जाची संकेतस्थळं मुकाट्याने उघडतात. टेल्सइतकी काटेकोर धुलाई नाही, पण काम झालं की मागे काही राहत नाही. विंडोज कधीचं बिघडलेला एक जुना लॅपटॉप त्यांच्या घरी कपाटावर धूळ खात होता, तो याच्यावर चालला. मोबाइलचं हॉटस्पॉट जोडून मायलेकींनी पुढचा अर्ज घरीच भरला. दोन तास गेले आणि फोटोचा आकार तीनदा नाकारला गेला. पण दुकानात गेल्या ते फक्त छापील प्रत काढायला, तीही नाव-नंबर झाकून काढण्यासारखी असती तर बरं झालं असतं.

आता आपल्याच पोरांशी दोन शब्द. या तिन्ही गावांत झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्जांची दुकानं चालवणारी कितीतरी मुलं आपली आहेत आणि मेहनतीने चालवतात. लोक तुमच्या हाती कागद देतात ती अमानत आहे. रात्री शटर ओढण्याआधी डाउनलोडचा फोल्डर आणि रिसायकल बिन दोन्ही रिकामे करा. गिऱ्हाइकाचं व्हॉट्सअ‍ॅप वेब त्याच्यासमोर लॉगआउट करा. कागद दुकानाच्या नंबरवर मागवलेत तर त्या फोनमधूनही काढा. संगणकावर बसणाऱ्या प्रत्येक पोराला वेगळा पासवर्ड द्या, म्हणजे कोण कधी बसला होता ते तुम्हाला तरी सांगता येईल. सायबर कॅफे म्हणून नोंदणी असेल तर २०११ च्या नियमांप्रमाणे ग्राहकाच्या ओळखपत्राची प्रत आणि नोंदवही किमान एक वर्ष ठेवावी लागते. ती कुलपात ठेवा. डेस्कटॉपवर पडलेल्या कुणाच्या मार्कशीटला तो नियम लागू नाही. एका दुकानदाराने हे ऐकून विचारलं, "एवढं करायला वेळ कुठे आहे?" आम्ही घड्याळ लावून त्याच्यासमोर सगळं करून दाखवलं. चार मिनिटं लागली.

बदलापूरच्या तक्रारीचं पुढे काय झालं असं काही वाचक विचारतील. नंबर दुसऱ्याच कुणाच्या नावावर निघाला, तपास चालू आहे. मुलगी रोज सकाळच्या लोकलने कॉलेजला जाते.

भाच्याला या महिन्याच्या दर रविवारी सकाळी वेळ आहे आणि ज्यांना पेन ड्राइव्ह करून हवा आहे त्यांना तो करून देईल. आमच्या घरचा पत्ता ओळखीच्यांना माहीत आहेच. साध्या लिनक्ससाठी आणि टेल्ससाठीही ८ जीबीचा पुरतो. आधीच्या पेन ड्राइव्हवर लग्नाचे फोटो, कुणाच्या आवाजातल्या तिलावती असं काही असेल तर ते दुसरीकडे उतरवून घ्या, कारण प्रणाली टाकताना त्यावरचं सगळं पुसलं जातं. मागच्या रविवारी एका चाचींचे हजचे फोटो थोडक्यात वाचले.